पाळण्यातले पाय आणि मार्चमधला .३११

फेब्रुवारी अर्धा सरला की मी एक वही काढते. आता सगळं फोनवर मिळतं, स्कोअर, व्हिडिओ, आकडे, पण वही अशासाठी की मार्चमध्ये आपण कोणाबद्दल काय छातीठोकपणे बोललो होतो ते नंतर नाकबूल करता येऊ नये. आणि बेसबॉलमध्ये नाकबूल करायची वेळ फार येते हो. विशेषतः प्रॉस्पेक्ट्सच्या बाबतीत, म्हणजे ती एकोणीस-वीस-बावीस वर्षांची पोरं, जी अजून मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, धड आलेली नाहीत पण ज्यांची नावं लोक दोन-दोन वर्षं आधीपासून जपत बसतात.

टीम आमच्याकडे बाल्टिमोर ओरिओल्स. आमच्याकडे म्हणजे दादामुळे, तो बाल्टिमोरजवळ राहतो आणि त्याने मला या व्यसनाला लावलं. त्यातही लावलं कधी, तर २०१८ मध्ये, जेव्हा ही टीम एका सीझनमध्ये ११५ मॅच हरली. त्यामुळे आम्ही दोघं जिंकणाऱ्या टीमकडे बघतच नव्हतो, आम्ही खालच्या लीगमधल्या पोरांकडे बघायचो, कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. सीझन मार्चच्या शेवटी सुरू होतो, त्याआधी साधारण सहा आठवडे सगळ्या ३० टीम ऊन असेल तिकडे जातात, १५ फ्लोरिडात आणि १५ ॲरिझोनात. आधी पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे तो झेलणारे), मग बाकीचे. सराव, आणि मग रोज सराव सामने. फ्लोरिडावाल्यांना ग्रेपफ्रूट लीग म्हणतात, ॲरिझोनावाल्यांना कॅक्टस लीग. या सामन्यांचा निकाल कुठेही धरत नाहीत. पण शेवटी २६ जणांची टीम ठरते, आणि त्या २६ मध्ये कोण बसतो यावर सगळा मार्च जातो.

तर माझ्या वहीतलं सगळ्यात लाजिरवाणं पान २०२४ चं.

त्या वर्षीची परिस्थिती बघा. ओरिओल्स २०२३ मध्ये १०१ मॅच जिंकून बसलेले, म्हणजे टीम ऑलरेडी चांगली, आणि वरून खालच्या लीगमध्ये पोरांची रांग लागलेली. जॅक्सन हॉलिडे, २०२२ च्या ड्राफ्टमधला (टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) पहिला, मेजर लीगमध्ये खेळलेल्या मॅट हॉलिडेचा मुलगा, वय वीस, आदल्या एका वर्षात चार लेव्हल चढून ट्रिपल-ए पर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली, आलेला, बहुतेक याद्यांमध्ये अख्ख्या बेसबॉलमधला नंबर एकचा प्रॉस्पेक्ट. कोल्टन काउझर, २०२१ चा पाचवा पिक, आउटफिल्डर. हेस्टन कर्स्टाड, २०२० चा दुसरा पिक, ज्याला हृदयाच्या स्नायूला सूज आल्यामुळे अख्खं २०२१ घरी बसावं लागलं होतं. आणि कोबी मेयो, दांडगा, थर्ड बेसवाला. जागा किती? फार तर दोन.

मार्चमध्ये दादा म्हणाला, "चल, सारासोटाला जाऊ, डोळ्यांनी बघ एकदाचं." गेलो. सारासोटा फ्लोरिडात, ओरिओल्सचं शिबिर तिथे असतं. तिथलं एड स्मिथ स्टेडियम छोटंसं आहे, बाहेरून स्पॅनिश धाटणीचं. हॉलिडे तिथे बॅटिंग प्रॅक्टिसला आला तेव्हा आम्ही कुंपणाला चिकटून उभे. खरं सांगते, बॅटचा आवाज वेगळा असतो. शेजारी पाच जण मारत असतात आणि एकाचा आवाज वेगळा येतो, ते काय असतं ते मला लिहिता येणार नाही. पण मी तिथेच वहीत लिहिलं, "हॉलिडे. १००%. प्रश्नच नाही." दोनदा अधोरेखित केलंय, आजही आहे ते.

आणि आकडेही तसेच आले. मार्चभरात ४५ पैकी १४ हिट (चेंडू मारून बेसवर पोचणं), म्हणजे ॲव्हरेज .३११. आणखी काय पाहिजे?

आता इथे माझी चूक काय झाली ते नीट सांगते, कारण ही चूक मी दर वर्षी कोणा ना कोणाला करताना बघते.

सराव सामना म्हणजे एक मॅच नसतेच, त्या दोन वेगळ्या मॅच असतात. नऊपैकी पहिल्या चार-पाच इनिंगमध्ये खरे खेळाडू. मग हळूहळू सगळे उठून बसायला जातात आणि सातव्या इनिंगपर्यंत मैदानात अशी मंडळी येतात ज्यांच्या शर्टावर ८४, ९१, ९६ असले नंबर असतात आणि मागे कधीकधी नावही नसतं. (यांकीजचा मोठा बॅटर ॲरन जज, त्याचा ९९ हा असाच सराव शिबिरात मिळालेला नंबर, त्याने तो तसाच ठेवला. पण असा एखादाच.) तर दुसऱ्या इनिंगमध्ये मेजर लीगच्या पिचरला मारलेला डबल (दोन बेसचा फटका) आणि आठव्या इनिंगमध्ये डबल-ए मधल्या पोराला मारलेला डबल, दोन्ही कागदावर सेमच. बेसबॉल रेफरन्स या वेबसाइटवर यासाठी एक छान रकाना असतो, तुमच्यासमोर कोणत्या दर्जाचे खेळाडू होते त्याचा आकडा, १० म्हणजे मेजर लीग, ८ म्हणजे ट्रिपल-ए, ७ म्हणजे डबल-ए. तो रकाना अगदी फुकट समोर असतो आणि मी तो तेव्हा बघितलाच नव्हता, मी बघत होते ॲव्हरेज.

आणि खरा मेजर लीगचा पिचर समोर असला तरी तो तुम्हाला आउट करायला आलेला असतोच असं नाही. आम्ही बघितलेल्या मॅचमध्ये एक जुना मुरलेला पिचर एका इनिंगमध्ये चेंजअपवर चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) टाकत बसला होता, मार खात होता, आणि चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा नाही. कारण त्याला हिवाळ्यात शिकलेली ग्रिप तपासायची होती. समोरच्या बॅटरला बिचाऱ्याला वाटलं असेल आपण काय भारी खेळलो. रियाज चाललाय आणि आपण मैफल समजून दाद देतोय, असला प्रकार.

२२ मार्चला बातमी आली, हॉलिडे खाली, नॉरफोकला, ट्रिपल-ए मध्ये.

मी पेटले. दादाला फोन केला, म्हटलं, "पैसे वाचवतायत!" त्यामागे इतिहास आहे म्हणून तसं वाटलं. मेजर लीगमध्ये एका सीझनमध्ये १७२ दिवस रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, काढले की एक पूर्ण वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा होतो, कुठल्याही टीमशी सौदा करू शकतो. त्यामुळे पोराला सुरुवातीला दोनेक आठवडे खाली ठेवलं की टीमला एक अख्खं वर्ष जास्तीचं मिळतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण क्रिस ब्रायंटचं. २०१५ च्या मार्चमध्ये त्याने ९ होमर (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले, कोणीही मारले नव्हते तेवढे, आणि त्याच्या टीमने, शिकागो कब्सने, त्याला खाली पाठवलं, १७ एप्रिलला वर बोलावलं. वर्षाच्या शेवटी त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, पुढच्या वर्षी एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) झाला, तक्रारही केली, पण २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला.

म्हणून मला वाटलं तोच खेळ. पण मग एप्रिलमध्ये शांतपणे कॅलेंडर घेऊन बसले. सीझन २८ मार्च ते २९ सप्टेंबर, १८६ दिवस. हॉलिडेला वर बोलावलं १० एप्रिलला. तिथून मोजले तर १७३. म्हणजे त्या दिवसापासून तो वरच टिकला असता तर त्याचं पूर्ण वर्ष धरलंच गेलं असतं. दिवस वाचवायचेच होते तर अजून दोन दिवस थांबले असते की. शिवाय २०२२ च्या करारापासून उलटा नियमही आलाय, यादीतला मोठा प्रॉस्पेक्ट सुरुवातीपासून वर ठेवला आणि तो रूकी ऑफ द इयर झाला तर टीमला ड्राफ्टमध्ये एक जादा पिक मिळतो, आणि ओरिओल्सना तो गनर हेंडरसनमुळे नुकताच मिळालेला होता. म्हणजे माझी थिअरी तितकी काही भक्कम नव्हती, मी फक्त चिडले होते.

मग कारण काय होतं? कारण जनरल मॅनेजर माइक इलायसनी उघड सांगितलं होतं, मीच ते बहाणा म्हणून सोडून दिलं. डावखुऱ्या पिचरविरुद्ध त्याला अजून सराव पाहिजे, आणि सेकंड बेसवर अजून खेळू दे. (हॉलिडे मूळचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला, पण तिथे हेंडरसन, म्हणून हॉलिडेला जागा बदलावी लागत होती.) आता डावखुऱ्याचं म्हणाल तर ते अगदी साधं आहे. हॉलिडे स्वतः डावखुरा बॅटर. डावखुऱ्या पिचरचा स्लायडर (वळणारा चेंडू) त्याच्यासाठी पाठीमागून आल्यासारखा येतो आणि बाहेर पळतो. शाळेत आणि खालच्या लीगमध्ये चांगले डावखुरे पिचर मुळातच कमी भेटतात, आणि हा मुलगा तर एका वर्षात चार लेव्हल पळत आला, म्हणजे त्याने ते बघायचे कधी? माझ्या वहीत .३११ होतं, पण त्यातले किती डावखुऱ्यांविरुद्ध, ते कुठेच नव्हतं. मी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. १० एप्रिलला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर पहिली मॅच, आणि मग दहा मॅचमध्ये ३४ पैकी २ हिट. १८ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक, म्हणजे चुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू, झाले की बाद). ३४ मध्ये १८! दादा रोज रात्री फक्त एक आकडा मेसेज करायचा, वर काही लिहायचा नाही. २६ एप्रिलला हॉलिडेला परत खाली पाठवलं.

आपल्याकडे म्हणतात ना, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. दिसतात हो, पण पाळणा हलत असतो.

आता याच पानावरचं दुसरं नाव. काउझर. त्याच्यापुढे मी काय लिहिलं होतं सांगू? "बघून झालं. ट्रेड करा." म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाका. कारण २०२३ च्या उन्हाळ्यात त्याला वर आणलं होतं आणि त्याने ६१ पैकी ७ हिट काढले होते, .११५, होमर शून्य. माझ्या दृष्टीने विषय संपलेला. आणि गंमत अशी की मार्चमध्ये तो छान खेळत होता, माझ्या डोळ्यांसमोर चेंडू जोरजोरात मारत होता, आणि मी म्हणत होते सराव सामन्यांना काय अर्थ आहे! म्हणजे हॉलिडेसाठी मार्च खरा आणि काउझरसाठी मार्च खोटा. एकाच पानावर, एकाच पेनाने.

काउझर टीममध्ये राहिला, २४ होमर मारले, आणि रूकी ऑफ द इयरच्या मतदानात लुईस गिलच्या मागे अवघ्या पाच गुणांनी दुसरा आला.

तर मी काय बघायला हवं होतं? यावर माझा बराच विचार झालाय, म्हणजे नवऱ्याच्या मते गरजेपेक्षा जास्त. माझं म्हणणं असं की हिट झाला की नाही हे मार्चमध्ये जवळजवळ सोडूनच द्यायचं. पन्नास-साठ वेळा बॅटिंग मिळते एका माणसाला, त्यात चार फटके फिल्डरच्या हातात गेले की ॲव्हरेज .३०० चं .२२० होतं. त्याऐवजी तो कशावर बॅट फिरवत नाही ते बघायचं. दोन स्ट्राइक झालेत, चेंडू खाली बाहेर चाललाय, पोराचा हात थांबला का? हे एकदा थांबणं नशीब असू शकतं, पण महिनाभर थांबत असेल तर ते त्याचं स्वतःचं आहे. स्ट्राइकआऊटचं प्रमाण तर साठेक बॅटिंगमध्येही बऱ्यापैकी खरं बोलायला लागतं, ॲव्हरेजला तेवढं खरं बोलायला दीड-दोन वर्षं लागतात. दुसरं, फटका किती वेगाने गेला. ताशी ९५ मैलांच्या वर गेलेला चेंडू म्हणजे कडक फटका, तो आउट झाला तरी चालेल. ज्याच्याकडे मुळात ११० चा फटका नाही त्याच्याकडून तो मार्चमध्ये निघणार नाही, वारा कितीही असो. ॲरिझोनात तर कोरडी हवा, तिथे चेंडू असाही लांब जातो, त्यामुळे कॅक्टस लीगचे होमर मी मनातल्या मनात कमीच करून घेते.

धावायचं घड्याळ खोटं बोलत नाही. होम ते फर्स्ट बेस, उजव्या बॅटरला साधारण ४.३ सेकंद म्हणजे सरासरी, डावखुऱ्याला एक पाऊल जवळ पडतं म्हणून ४.२. कॅचर असेल तर चेंडू हातात पडल्यापासून सेकंड बेसवर पोचेपर्यंत दोन सेकंद. हे मी फोनच्या स्टॉपवॉचवर करते आणि शेजारचे लोक बघतात, बघू देत.

पिचरचं वेगळं. पहिल्या इनिंगमध्ये ताशी ९८ मैलांनी टाकणारी पोरं पोत्याने मिळतात, सगळे अंगात आल्यासारखे टाकतात कारण आज कोच बघतोय. मला बघायचं असतं दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगमध्ये काय उरतं, आणि बेसवर माणूस असताना, पाय न उचलता पटकन टाकायचं असताना, स्लायडर तसाच वळतो की सपाट होतो.

स्काउट लोक, म्हणजे टीमसाठी पोरं हेरणारे, हे सगळं २० ते ८० च्या पट्टीवर मांडतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी माणूस, ६० म्हणजे चांगला, ८० म्हणजे पिढीत एखादा. ही पट्टी मला एका गोष्टीसाठी फार आवडते, तिच्यात ५० ला मान आहे. आपल्याला शाळेपासून पन्नास म्हणजे काठावर पास वाटतं, इथे पन्नास म्हणजे जगातल्या सगळ्यात अवघड लीगमध्ये नोकरी टिकवणारा. माझ्या पहिल्या वह्यांमध्ये मी सगळ्यांना ७० वाटत सुटले होते.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मग मार्च बघायचाच कशाला. दादाही हेच म्हणतो आणि दर वेळी जॅकी ब्रॅडली ज्युनियर काढतो. २०१३, रेड सॉक्स, मार्चमध्ये .४१९, सगळे वेडे झाले, टीममध्ये घेतलं, आणि पहिल्या ३१ पैकी ३ हिट. बरोबर आहे. पण मग मी अल्बर्ट पुहोल्स काढते. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये तेराव्या राउंडला, ४०२ नंबरवर घेतलेला मुलगा, २००० चं जवळपास पूर्ण वर्ष सिंगल-ए मध्ये. २००१ च्या मार्चमध्ये कार्डिनल्सच्या शिबिरात आला तेव्हा त्याला घ्यायचा विचार कुणाचा नव्हता, पण तो मारतच राहिला, मग बॉबी बोनिया जखमी झाला आणि जागा निघाली. त्या वर्षी .३२९, ३७ होमर, १३० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेल्या रन), रूकी ऑफ द इयर. शेवटी ७०३ होमर. त्याला जर कोणी "सराव सामन्यांना काय अर्थ" म्हणून खाली पाठवलं असतं तर? तर तो मे महिन्यात वर आला असता, असं दादाचं उत्तर. आणि हे उत्तर बरोबर असावं अशी मला शंका आहे, म्हणून मी विषय बदलते.

मेयो आणि कर्स्टाडबद्दल थोडक्यात. दोघंही त्या मार्चमध्ये खालीच गेले. मेयो ऑगस्टमध्ये वर आला आणि त्याची सुरुवातही हॉलिडेसारखीच, हिटपेक्षा स्ट्राइकआऊट कितीतरी जास्त. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं "ताकद ७०, बाकी नंतर बघू", आणि या पानावरचं तेवढं एकच वाक्य मला आजही मान्य आहे.

आणि हॉलिडे? ३१ जुलैला परत आला, ओरिओल्सच्या घरच्या मैदानावर, कॅमडन यार्ड्सवर, आणि मेजर लीगमधला त्याचा पहिला होमर ग्रँड स्लॅम निघाला. चार रन. दादा फोनवर ओरडत होता, मी ओरडत होते, आणि मी त्याला म्हटलं की बघ, मी म्हटलं होतं ना १००%. तो म्हणाला, "अगं, तू मार्चमध्ये म्हटलं होतंस, आता जुलै संपतोय." त्या वर्षीचं हॉलिडेचं ॲव्हरेज शेवटी .१८९ राहिलं. काउझरची गोष्टही सरळ राहिली नाही, २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात फर्स्ट बेसवर झेप घेताना अंगठा मोडला आणि ते उरलेलं वर्ष वाईट गेलं, ॲव्हरेज .२०० च्या खाली. म्हणजे "ट्रेड करा" वाली मी बरोबर होते का? नाही. पण चुकीची होते असंही आता तितक्या मोठ्या आवाजात म्हणवत नाही.

आता वहीत रकाने बदललेत. ॲव्हरेजचा रकाना काढून टाकला. त्याऐवजी इनिंग कितवी, पिचर डावा की उजवा, आणि समोर कोण होतं. पहिले दोन सोपे. तिसरा भरताना जीव जातो, कारण सातव्या-आठव्या इनिंगमध्ये कॉमेंट्रीवाले मॅच सोडून कोणातरी जुन्या खेळाडूशी गप्पा मारत बसलेले असतात, पिचर बदलला हेसुद्धा सांगत नाहीत, मी टीव्हीच्या जवळ जाऊन शर्टाचा नंबर वाचते, मग रोस्टर उघडते, तर त्यात त्या नंबरचे दोघं असतात. त्या रकान्यात गेल्या मार्चमध्ये सगळ्यात जास्त वेळा लिहिलंय, "९४ नंबर, उंच, कोण होता देव जाणे."